फॉर्म नंबर चार: पेपर कुणाचा असतो?

नमस्कार. मागे आवाज येतोय का? येतोय, बरं.

अध्यक्षांनी आत्ता ओळख करून देताना मला ज्येष्ठ पत्रकार म्हटलं, ते आधी दुरुस्त करतो. मी डेस्कवरचा माणूस. बातमी आणणारे वेगळे, मी ती कापणारा. एकतीस वर्षं बातम्यांच्या शेपट्या छाटल्या, मथळे दिले, रात्री दीडला पान सोडलं आणि आधी सायकल, मग स्कूटर, मग डॉक्टरांनी सांगितलं म्हणून परत सायकल मारत घरी आलो. त्यामुळे मोठमोठ्या माणसांबरोबरचे किस्से, परदेश दौरे असलं काही माझ्याकडे नाही. कात्रणांची एक फाइल आहे, ती आणलीये.

आज सकाळी पेपर किती जणांनी वाचला, हात वर करा बघू. मोबाइलवर नाही हो, कागदाचा. निम्मे तरी आहेत, छान. आता त्यातल्या किती जणांनी शेवटच्या पानावरची सगळ्यात खालची ओळ वाचली? एक. काका, तुम्ही प्रेसवाले का? बघा, निघालेच. ती ओळ फक्त प्रेसवालेच वाचतात. तिला आमच्यात प्रिंटलाइन म्हणतात. मालक अमुक यांच्याकरिता मुद्रक व प्रकाशक तमुक यांनी अमक्या प्रेसमध्ये छापून तमक्या पत्त्यावर प्रसिद्ध केले, संपादक फलाणे, पीआरबी कायद्यानुसार बातम्यांच्या निवडीची जबाबदारी यांची. सगळं मुंगीएवढ्या अक्षरात. ही ओळ १८६७ च्या त्या पीआरबी, म्हणजे प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स, कायद्यापासून चालत आली. छापलं कुणी, प्रसिद्ध केलं कुणी, उद्या खटला भरायचा झाला तर धरायचं कुणाला, हे सरकारला कळायला हवं होतं. तो कायदा दीडशे वर्षं टिकला, २०२३ ला नवीन केला, मार्च २०२४ पासून लागू झाला, पण ओळ आहे तिथेच आहे.

तिची एक धाकटी बहीण आहे, ती वर्षातून एकदाच दिसते. फॉर्म नंबर चार. १९५६ च्या नियमांनी आणलेला. फेब्रुवारी संपला की त्यानंतरच्या पहिल्या अंकात प्रत्येक पेपरने एक निवेदन छापायचं: प्रकाशनाचं ठिकाण, मुद्रक, प्रकाशक, संपादक, त्यांचं राष्ट्रीयत्व, पत्ते, आणि शेवटी मालकाचं नाव, आणि कंपनी असली तर एक टक्क्यापेक्षा जास्त भांडवल असणारे शेअरहोल्डर. म्हणजे हा पेपर कुणाचा, हे पेपर स्वतःच तुम्हाला दरवर्षी सांगतो, फक्त अशा कोपऱ्यात की शेजारी पाळण्याची जाहिरात, खाली हरवले-सापडले. मी ही निवेदनं कापून ठेवतो. बायको म्हणते लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात, तुम्ही हे काय.

आता हा नाद लागला कुठून ते सांगतो. आमच्या अण्णांची, म्हणजे वडिलांची, पेपरची एजन्सी होती. एसटी स्टँडच्या बाहेर, टपरी म्हणायची इतकीच जागा. पहाटे चारला गठ्ठे यायचे, सुतळी कापायची, पुरवण्या घालायच्या, लाइनप्रमाणे वाटे करायचे, आणि पोरं यायच्या आत हात काळे. गल्ल्या सगळ्या पाठ होत्या, कुठल्या घरात कुठला पेपर. एखादं नवीन बिऱ्हाड आलं की अण्णा त्या माणसाला दोन मिनिटं न्याहाळायचे आणि मग विचारायचे, कुठला टाकू? आणि तो माणूस जर बुचकळ्यात पडला, एखाद्या पेपरबद्दल विचारायला लागला की हा कसा आहे, तर अण्णा बातम्या कशा आहेत ते सांगायचेच नाहीत. ते सांगायचे हा कुणाचा आहे. "हा काँग्रेसवाल्यांचा, हा संघवाल्यांचा, हा कारखान्याचा, आणि हा बाजारभाव चांगले देतो." बस. चार पेपरचं चार शब्दांत परीक्षण. मराठीत पेपर कसा आहे असं कोण विचारतं, पेपर कुणाचा आहे असंच विचारतात. पुढे पत्रकारितेच्या वर्गात मालकी आणि संपादकीय धोरण असा पेपर सोडवायला आला तेव्हा मला वाटलं हे तर स्टँडवर शिकलोय आपण.

आज सांगायचंय ते मुख्यतः पुण्याच्या सकाळबद्दल. का, तर त्याच्या मालकीच्या गोष्टीत बरंच काही एका जागी सापडतं. पण त्याच्या मागे केसरी आहे, त्याला वळसा घालून जाता येत नाही, पुण्यात तर नाहीच नाही.

केसरी ४ जानेवारी १८८१ ला निघाला, मराठा हा इंग्रजी पेपर त्याच्या दोन दिवस आधी. चिपळूणकर, टिळक, आगरकर, नामजोशी, ही सगळी मंडळी. पहिले संपादक आगरकर. वर्षभरात कोल्हापूरच्या दिवाणांनी, बर्व्यांनी, अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि १८८२ ला टिळक-आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात. एवढं सगळ्यांना शाळेपासून माहीत असतं. पुढचं शाळेत सांगत नाहीत. १८८७ ला आगरकर बाहेर पडले, कारण मतभेद, आणि पुढच्या वर्षी त्यांनी सुधारक काढला. मग पेपर आणि छापखाना यांच्या वाटण्या झाल्या. टिळकांकडे केसरी आणि मराठा आले, कर्जासकट, आणि आर्यभूषण छापखाना दुसऱ्यांकडे गेला. म्हणजे घरातल्या भावाभावांसारखंच, याला शेत, त्याला विहीर. आपण सामाजिक सुधारणा आधी की राजकीय आधी हा वाद म्हणून वाचतो, तो वाद होताच, खराच होता, पण त्याच्या खाली एक हिशोबाची वहीही होती. पेपर ज्याच्याकडे गेला त्याचं मत महाराष्ट्रभर गेलं, आगरकरांना ते नव्याने पहिल्यापासून उभं करावं लागलं. १९०८ ला केसरीतल्या लेखांवरून टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, मंडालेला गेले, आणि तरी पेपर चालू राहिला. पुढे तो ट्रस्टकडे गेला. एका माणसाची मालकी, मग ट्रस्ट, ही झाली एक तऱ्हा.

केसरी तेव्हा रोज यायचा नाही. रोजचा पेपर म्हणजे पुण्यात ज्ञानप्रकाश, १८४९ चा, १९०४ पासून दैनिक झाला होता. पण तो काय हो, मवाळांचा, भाषा जडशीळ, वाचक ठराविक. अशा वेळी १ जानेवारी १९३२ ला सकाळ निघाला. काढणारे डॉ. नारायण भिकाजी परुळेकर, नानासाहेब. अमेरिकेत कोलंबिया युनिव्हर्सिटीत शिकलेले, डॉक्टरेट केलेले, फ्रेंच बायको केलेले, आणि तिकडचे पेपर बघून आलेले. तिकडे पेपर म्हणजे संपादकाचं व्यासपीठ नव्हतं, पेपर म्हणजे सकाळी दारात पडणारी वस्तू होती, दुधासारखी. आता सकाळ हे नाव सुद्धा बघा ना. केसरी, सुधारक, ज्ञानप्रकाश, या नावांत काहीतरी करून दाखवायचंय, गर्जना करायचीय, सुधारायचंय, उजेड पाडायचाय. सकाळ म्हणजे नुसती वेळ.

आणि वेळ कशी साधली! चौथ्याच दिवशी, ४ जानेवारीला, गांधीजींना अटक झाली, सविनय कायदेभंग परत पेटला. त्याच सप्टेंबरात येरवड्यात उपोषण, २४ तारखेला पुणे करार. आठवडाभर देशाचं सगळं लक्ष पुण्याच्या तुरुंगाकडे, आणि केसरीच्या पुढच्या अंकाची वाट बघत कोण बसणार? रोज काय झालं ते रोज पाहिजे होतं.

नानासाहेबांनी जे केलं ते डेस्कवरच्या माणसाला जास्त कळतं. भाषा सोपी केली. नुसतं संपादकीय वाचायला पेपर घेतात हे मानलं नाही. गावोगावी वार्ताहर नेमले, म्हणजे पाटलाच्या विहिरीत बैल पडला तरी बातमी. वाचकांच्या पत्रांना जागा दिली. बाजारभाव, छोट्या जाहिराती, स्थळं, भाड्याने देणे. आम्ही डेस्कवर वार्ताहराच्या अशा बातमीला हसायचो, तालुक्याची बातमी म्हणून कोपऱ्यात टाकायचो, पण अण्णांच्या टपरीवर त्याच बातमीसाठी त्या गावच्या पंचवीस प्रती जादा लागायच्या. पेपरचं स्वातंत्र्य पेपरच्या खपात असतं, असं मी म्हटलं तर इथे काही जणांना ते बाजारू वाटेल, पण ज्याच्या मागे पक्ष नाही, संस्थान नाही, कारखाना नाही, त्याने जगायचं कशावर? एक तर वाचकाच्या पैशावर, नाहीतर जाहिरातदाराच्या, आणि जाहिरातदार हजार असले, लहान लहान असले, तर कुणा एकाचा हात मानेवर येत नाही. छोट्या जाहिरातींचं महत्त्व ते. साडेतीन ओळींची भाड्याने देणे आहे ही जाहिरात देणारा माणूस संपादकाला कधी फोन करत नाही.

आता येतो त्या खटल्यावर. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, घड्याळ बघू नका.

स्वातंत्र्यानंतर पहिला प्रेस कमिशन बसला, अध्यक्ष न्यायमूर्ती राजाध्यक्ष, म्हणजे आपलेच. त्यांचा अहवाल १९५४ चा. त्यांना प्रश्न पडला की मोठे पेपर भरपूर पानं देतात, किंमत कमी ठेवतात, तोटा जाहिरातीतून भरून काढतात, आणि लहान पेपर त्यात मरतात. यावर उपाय, किंमत आणि पानं बांधून टाका. एवढ्या पैशात एवढीच पानं, जास्त पानं द्यायची तर किंमत वाढवा. यावरून १९५६ चा कायदा झाला, आणि १९६० ला सरकारने प्रत्यक्ष आदेश काढला. हेतू वाईट म्हणता येत नाही. लहानांना वाचवायचं होतं.

पण आदेश आल्यावर सकाळचं काय होत होतं बघा. हे आकडे निकालपत्रातच आहेत. सकाळचा खप तेव्हा महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून रोज ५२,००० आणि रविवारी ५६,०००. किंमत सात नये पैसे. आठवड्यातले पाच दिवस सहा पानं, एक दिवस चार पानं, रविवार वेगळा, तो दहा पानांचा आणि बारा पैशांचा. म्हणजे पाच सक तीस आणि चार, सहा दिवसांची ३४ पानं. आदेश काय म्हणत होता, सात पैशांना सहा दिवसांत २४ पानंच. झालं. एक तर दहा पानं कापा, नाहीतर आठ पैसे करा. पुरवण्या किती काढायच्या त्यावरही बंधन. आता तुम्ही म्हणाल एक पैशाने काय होतं. अहो, एक पैसा म्हणजे ५२,००० प्रतींवर रोज ५२० रुपये होतात, पण ते येणार कधी, लोक घेत राहिले तर. अण्णा सांगायचे, पेपर एका पैशाने वाढला की पहिल्या आठवड्यात पाचपंचवीस घरं पेपर बंद करतात आणि शेजारच्याचा वाचतात, आणि त्यातली निम्मी परत येतच नाहीत, त्यांना शेजारच्याचा वाचायची सवय होते. पानं कापली तर? पेपरातली साधारण ४० टक्के जागा जाहिरातींची होती. पानं कापायची म्हणजे एक तर बातम्या कापायच्या, नाहीतर जाहिराती, आणि जाहिराती कापल्या की उत्पन्न गेलं, उत्पन्न गेलं की परत किंमत वाढवा. फिरून भोपळे चौकात.

सकाळ पेपर्स प्रायव्हेट लिमिटेड सरळ सुप्रीम कोर्टात गेली. अर्जदार कोण, तर कंपनी आणि तिचे दोन शेअरहोल्डर. आणि ते दोनच होते! सबंध कंपनीत दोन भागधारक. बावन्न हजार घरांत जाणारा पेपर, मालक दोन. फॉर्म नंबर चारमध्ये किती छोटं दिसत असेल ते. कंपनीबरोबर माणसांनीही अर्ज करायचं कारण, मला वाटतं, असं की भाषण स्वातंत्र्याचा हक्क घटनेने नागरिकाला दिलाय आणि कंपनी काही नागरिक नसते. याशिवाय पेपरच्या वाचकांनीही वेगळे अर्ज केले होते, हे फार कमी लोकांना माहीत आहे. त्याकडे नंतर येतो.

निकाल २५ सप्टेंबर १९६१. त्या वर्षी पुण्यात काय झालं होतं ते इथल्या वयस्कांना सांगायला नको, १२ जुलैला पानशेत फुटलं होतं. सकाळचं ऑफिस बुधवार पेठेत. शहर अजून चिखल उपसत होतं आणि तिकडे दिल्लीत सकाळची पानं मोजणं चाललं होतं.

पाच न्यायमूर्तींचं खंडपीठ, निकाल लिहिला न्यायमूर्ती मुधोळकरांनी. म्हणजे गंमत बघा, शिफारस करणारे मराठी, कोर्टात गेलेला पेपर मराठी, आणि शिफारशीवरचा कायदा रद्द करणारे पण मराठी. निकालाचं सार माझ्या भाषेत सांगतो. लिहिण्याचं स्वातंत्र्य म्हणजे नुसतं काय लिहायचं एवढंच नाही, ते किती लोकांपर्यंत पोचतं हा पण त्याच स्वातंत्र्याचा भाग. पानांवर बंधन घातलं, किंमत वाढवायला लावली, की खप पडतो, आणि खप पाडणं म्हणजे तोंडावर हात ठेवणं. सरकार म्हणालं आम्ही फक्त धंद्याचं नियमन करतोय, बोलण्याचं नाही. कोर्ट म्हणालं, धंद्यावर लोकहितासाठी बंधनं घालता येतील, पण बोलण्यावरची बंधनं घटनेत मोजून दिलेल्या कारणांसाठीच, आणि लहान पेपरला वाचवणं हे त्या यादीत नाही. कायदा गेला, आदेश गेला. १९७२ ला न्यूजप्रिंटच्या पानांचं प्रकरण आलं, बेनेट कोलमनचं, म्हणजे टाइम्स ऑफ इंडियाच्या कंपनीचं, तेव्हा याच निकालाचा आधार घेतला गेला. देशातल्या प्रत्येक लॉ कॉलेजात सकाळ पेपर्स हा खटला शिकवतात. तमिळ पोरगं सुद्धा परीक्षेत सकाळ असं लिहितं, त्याला त्याचा अर्थ माहीत नसतो.

निकाल बरोबर होता का? होता, मला शंका नाही. सरकारच्या हातात पानं मोजायची पट्टी दिली की उद्या ते अक्षरं मोजायला लागतं. पण राजाध्यक्षांना जी भीती होती ती काही खोटी नव्हती. पुढे काय झालं ते अण्णांच्या टपरीवरून दिसलं. नव्वदच्या दशकात मोठ्या पेपरांच्या आवृत्त्या जिल्ह्याजिल्ह्यात आल्या, पानं चोवीस, रंगीत, किंमत रद्दीत निघेल इतकी. खरंच, बायका हिशोब करायच्या, महिन्याचं बिल एवढं आणि रद्दी एवढी. आमच्या गावात दोन स्थानिक दैनिकं होती, चार पानी, ट्रेडल मशीनवर निघणारी, जुळारी खिळे जुळवायचा तसली. ती गेली. पुण्यात सुद्धा विशाल सह्याद्री गेला. ज्या निकालाने सकाळला मध्यम पेपर म्हणून वाचवलं, त्याच निकालाच्या छत्राखाली सकाळ पुढे मोठा पेपर झाला, आणि मोठ्यांनी लहानांचं काय केलं ते सांगितलं. यात सकाळचा दोष असं नाही म्हणत मी. पण कोर्टाने स्वातंत्र्य दिलं ते पेपरला, आणि पेपर म्हणजे शेवटी त्याचा मालक.

आणि मालक माणूस असतो, तो जातो. ८ जानेवारी १९७३ ला नानासाहेब गेले. चाळीस वर्षं ज्या पेपरात हा माणूस म्हणजेच पेपर होता, त्या पेपरचं पुढे काय? आपल्याकडे वाडा असो, शेत असो, हॉटेल असो, संस्थापक गेला की कुलूप कुणाच्या नावावर हा प्रश्न येतोच, पेपरला वेगळं काही नसतं. संपादक म्हणून मुणगेकर होते, पेपर चालत राहिला. मग १९८५. सकाळ पेपर्सचा ताबा पवार कुटुंबाकडे आला, प्रतापराव पवार मॅनेजिंग डायरेक्टर झाले. त्यांचे बंधू शरद पवार तेव्हा विरोधी पक्षात होते, पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात ते काँग्रेसमध्ये परतले आणि १९८८ ला परत मुख्यमंत्री. परुळेकर कुटुंबातून शेअर्सचा दावा उभा राहिला, तो चालत चालत सुप्रीम कोर्टात गेला, निकाल लागला २००५ ला. तोच पेपर, तेच कोर्ट. १९६१ ला पानांसाठी गेला होता, आता शेअरसाठी.

तेव्हा पुण्यात खूप चर्चा. आता सकाळ पवारांचा झाला, असं. अण्णांनी त्यांच्या त्या चार शब्दांच्या यादीत दुरुस्ती केली, ती सुद्धा थोडी अडखळत. बाजारभाव चांगले देणारा जो होता, त्याला आता कुणाचा म्हणायचं? मी त्यांना विचारलं होतं, अण्णा, किती जणांनी बंद केला? म्हणाले, सात. आणि पंधरा दिवसांत त्यातले चार परत आले, कारण त्यांना त्यातलं भविष्य वाचायची सवय होती. मालक बदलला म्हणून पेपर बदलणारी माणसं माझ्या हिशोबाने तीन. एका टपरीवरची पाहणी आहे, याचा कुठे हवाला देऊ नका.

धंदा म्हणून मात्र सकाळ वाढला हे कबूल करायला पाहिजे. आवृत्त्या वाढल्या, २००५ ला अ‍ॅग्रोवन काढलं, नुसत्या शेतीचं रोजचं दैनिक, हे धाडसच होतं आणि चाललं. नानासाहेबांच्या गावोगावच्या वार्ताहरांचा तो पणतू म्हणा. पेपर राजकीय घराण्याचा म्हणून त्यात सगळंच त्यांचं असतं असं समजणारे लोक डेस्कवर एक रात्र बसलेले नसतात. रोज शे-दीडशे बातम्या जातात, त्यातल्या नव्वद टक्क्यांचं मालकाला सोयरसुतक नसतं. प्रश्न त्या उरलेल्या दहाचा असतो, आणि त्यातही छापलेल्यांचा नाही, न छापलेल्यांचा.

सकाळ एकटाच नाही. नागपूरला लोकमत, नाव जुनं, बापूजी अण्यांच्या यवतमाळच्या १९१८ च्या साप्ताहिकाचं, दैनिक म्हणून १९७१ ला आला जवाहरलाल दर्डांचा, ते काँग्रेसचे मंत्री. तरुण भारतची तर मजाच आहे, बेळगावचा तरुण भारत १९१९ चा, बाबूराव ठाकुरांचा, आणि नागपूरचा तरुण भारत वेगळा, माडखोलकरांच्या संपादकपदाखाली वाढलेला. नाव एक, मालक वेगळे, वाचक पण वेगळे. टपरीवर बाहेरगावचा माणूस तरुण भारत द्या म्हणाला की अण्णा विचारायचे, कुठला?

पण मालकी उघडी बघायची असेल तर गोव्याला जा. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि तीन महिन्यांत, २४ मार्च १९६२ ला, गोमन्तक निघाला. मालक चौगुले, खाणवाले. पहिले संपादक बा. द. सातोस्कर. पुढच्या वर्षी धेंपोंनी नवहिंद टाइम्स हा इंग्रजी काढला, ते पण खाणवाले, आणि १९७० ला नवप्रभा हा मराठी. म्हणजे जमिनीतून लोखंडाची माती काढणारी घराणी पेपर पण काढत होती. मग गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा हा वाद. गोमन्तक विलीनीकरणाच्या बाजूचा, त्याच्या विरोधात मडगावचा राष्ट्रमत. तो पण मराठीच बरं का! मराठीतून सांगत होता की महाराष्ट्रात जाऊ नका. १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला, विलीनीकरण ३४,०२१ मतांनी पडलं. मला हे फार आवडतं, की सगळ्यात मोठ्या खाणवाल्यांपैकी एकाचा पेपर एका बाजूला असूनही लोकांनी दुसरीकडे मत दिलं. वाचक पेपर वाचतो, मानतोच असं नाही. आणि आता गोमन्तक कुणाचा? सकाळ समूहाचा. बुधवार पेठेतून निघालेली ती वाट पणजीला पोचली.

आता एक स्वतःचं सांगतो, आणि पेपरचं नाव सांगणार नाही, विचारू पण नका. मी ज्या पेपरात होतो तिथला सप्टेंबर महिना. सप्टेंबर म्हणजे साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा, सभा म्हणजे अहवाल, आणि अहवाल म्हणजे अर्धं पान जाहिरात, कधी पूर्ण. आमच्या वार्ताहराने एक बातमी पाठवली, एका कारखान्याने शेतकऱ्यांची उसाची बिलं चार महिने थकवली. बातमी चोख, आकडे, शेतकऱ्यांची नावं, सगळं. मी पहिल्या पानावर तळाला तीन कॉलम घेतली, मथळा पण बरा जमला होता. अकराला जाहिरात विभागातून माणूस आला. ओरडला नाही, धमकी नाही, अगदी हळू, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, उद्या त्यांचा अहवाल आहे हो आपल्याकडे, पान सात. एवढंच. मालकांचा फोन नाही, संपादकांचा निरोप नाही. मी बातमी पान पाचवर नेली, एक कॉलम केली, आणि कारखान्याचं नाव मथळ्यातून काढून आतल्या मजकुरात टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं. मीच केलं. दुसऱ्या दिवशी पान पाचवर "ऊसबिले थकली" आणि पान सातवर हसऱ्या चेअरमनांचा फोटो, सभासद बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार. वार्ताहराचा फोन आला, साहेब बातमी लागली, थँक्यू. तो लागली म्हणून खूश होता. मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही, मग लागलं.

तर त्या रात्रीपुरता तो पेपर कुणाचा होता? फॉर्म नंबर चारमध्ये त्या जाहिरातवाल्या पोराचं नाव नव्हतं, कारखान्याचं नव्हतं, माझं तर नव्हतंच. म्हणून माझी कात्रणं पूर्ण पुरावा नाहीत हे मला कळतं. ती अर्धीच गोष्ट सांगतात. उरलेली अर्धी जाहिरातींच्या कॉलम सेंटिमीटरमध्ये असते. कधी तरी एक आठवडा पट्टी घेऊन बसा, पहिल्या चार पानांवर कुणाच्या किती जाहिराती ते मोजा. सरकारच्या किती, बिल्डरच्या किती, क्लासवाल्यांच्या किती, आणि साडेतीन ओळींच्या उरल्यात का काही. त्या साडेतीन ओळी आता मोबाइलवर गेल्यात, फुकट. हजार लहान जाहिरातदार होते तेव्हा नानासाहेबांसारख्या माणसाचं चाललं, आता दहा मोठे उरलेत.

मघाशी म्हटलं ते वाचकांच्या अर्जांचं राहिलं. १९६१ ला काही वाचक सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, का, तर माझ्या पेपरची पानं कमी होतील आणि मला कमी वाचायला मिळेल. विचार करा. आज पेपरची चार पानं कमी झाली तर आपण काय करतो, काहीच नाही, २०२० ला कितीतरी झाली, आपण लक्ष पण नाही दिलं. तेव्हा सात पैशांच्या पेपरसाठी लोक दिल्लीला गेले. त्यांचं एक टक्का काय, अर्धा टक्का पण भांडवल नव्हतं त्यात. निकालपत्रात मालकांच्या अर्जाची मांडणी पानंच्या पानं आहे, वाचकांचा उल्लेख दोन ओळींत. दोन ओळी तरी आहेत.

अण्णा गेले तेव्हा टपरी भावाने चालवायला घेतली, आता तिथे रिचार्ज आणि झेरॉक्स पण आहे, पेपर पुढच्या फळीवर, थोडेच. परवा गेलो तर एक कॉलेजची मुलगी आली, स्पर्धा परीक्षावाली, तिने एका पेपरवर बोट ठेवून भावाला विचारलं, काका हा कसा आहे? भाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, ह्यांना विचार. मला चटकन उत्तर आलं नाही. मी पेपर उलटा केला आणि खालची ओळ तिला वाचायला दिली, तिने चष्मा वर केला, वाचली, म्हणाली, हे कोण? मी म्हटलं बस, सांगतो, आणि भावाला चहा सांगायला लावला.

बरं, ही तीन कात्रणं फिरवतो, पहिल्या रांगेपासून सुरू करा. एक १९९१ चं, एक २००६ चं, एक गेल्या मार्चचं. पेपर एकच आहे, नावं बघा कशी बदललीत. हाताळताना जपून, ते पहिलं फार ठिसूळ झालंय. आणि शेवटच्या रांगेतून परत माझ्याकडे येऊ द्या हो, मागच्या वेळी एक आलंच नाही.